अक्षरगुरू एडवर्ड जॉन्स्टन

आपल्या भाषेत लिपीतील वर्णास 'अक्षर' म्हणतात, आणि जे झिजत नाही, नाश पावत नाही, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे. बोललेला शब्द वाऱ्यावर जातो, लिहिलेला मागे राहतो. परंतु लिहिलेले टिकले म्हणून ते सुंदर झाले असे होत नाही. अक्षरास सौंदर्य कशाने येते याचा शोध घेण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, आणि जे सापडले ते हातचे न राखता शिष्यांच्या पदरात घातले, अशा एका इंग्रज कलावंताचे चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत. त्यांचे नाव एडवर्ड जॉन्स्टन. लंडनच्या भूमिगत रेल्वेने प्रवास करणारे लक्षावधी लोक या गृहस्थांनी बसविलेले अक्षर रोज वाचतात, पण ते कोणाच्या बुद्धीतून उतरले हे ठाऊक असलेला प्रवासी विरळाच.

जॉन्स्टन यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८७२ रोजी इंग्लंडपासून फार दूर, दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशात सान होसे या गावी झाला. त्यांचे घराणे स्कॉटलंडातील. गुलामगिरीच्या अमानुष चालीविरुद्ध ब्रिटिश पार्लमेंटात झगडणारे सर टॉमस फॉवेल बक्स्टन हे त्यांच्या आजीचे वडील होत. एडवर्ड तीन वर्षांचा असता कुटुंब इंग्लंडात परत आले. वडील उद्योगाच्या शोधात आणि आई आजारी, त्यामुळे मुलाच्या संगोपनाचा भार नात्यातील एका स्त्रीने उचलला. त्याचे शिक्षण घरीच झाले. पुढे ज्यांना जगाने थोर शिक्षक म्हणून ओळखले, त्यांना बालपणी शाळेचा वर्ग असा मिळालाच नाही. गणित व यंत्रे यांची या मुलास आवड होती, आणि जुन्या पोथ्यांप्रमाणे रंगीत, सोनेरी अक्षरे काढून पाने सजविणे हा त्याच्या फावल्या वेळचा छंद होता. हा छंदच एके दिवशी आपल्या उपजीविकेचे साधन होईल असे त्याच्या किंवा घरच्या कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

१८९१ साली आई वारली. त्यानंतर एडवर्डने काही दिवस एका आप्ताच्या हाताखाली काम केले, व पुढे वैद्यकीचा अभ्यास करण्यासाठी तो एडिंबरो विद्यापीठात गेला. परंतु प्रकृतीने साथ दिली नाही, आणि अभ्यासक्रम पुरा न करताच त्यास माघारी यावे लागले. वयाची पंचविशी उलटलेली, हाती पदवी नाही, अंगी बळ नाही, आणि पुढची वाट दिसत नाही, अशी त्या तरुणाची अवस्था झाली. आमच्या वाचकांपैकी ज्या पालकांचा मुलगा एखाद्या परीक्षेत मागे पडला असेल, त्यांनी या प्रसंगी क्षणभर थांबून विचार करावा. या मुलाचे पुढे काय होणार, असाच प्रश्न जॉन्स्टन यांच्या आप्तांनाही तेव्हा पडला असला पाहिजे.

१८९८ साली त्यांची गाठ विल्यम लेदबी या गृहस्थांशी पडली. लेदबी हे शिल्पशास्त्रज्ञ असून, १८९६ साली लंडनात निघालेल्या सेंट्रल स्कूल या हस्तकलांच्या शाळेचे चालक होते. कारागिराने कामाचा विचार करावा आणि विचारवंताने हाताने काम करावे, असे त्यांचे धोरण असे. त्यांनी जॉन्स्टन यांनी लिहिलेली पाने पाहिली. आपणास फार तर त्या शाळेत विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळेल, अशी या तरुणाची अपेक्षा होती. लेदबींनी मात्र सुलेखनाचा एक नवा वर्ग काढण्याचा बेत सांगितला आणि तो वर्ग जॉन्स्टन यांच्याच स्वाधीन करण्याचे ठरविले. जो विषय इंग्लंडात कोणी शिकवीत नव्हते, तो शिकविण्याची जबाबदारी ज्यास तो कोणीच शिकविला नव्हता अशा सत्तावीस वर्षांच्या मनुष्यावर पडली. सप्टेंबर १८९९ मध्ये वर्ग सुरू झाला.

त्या काळी या कलेची स्थिती काय होती, हे थोडक्यात सांगितल्यावाचून जॉन्स्टन यांच्या कार्याचे महत्त्व लक्षात येणार नाही. पंधराव्या शतकात युरोपात छापखाना आला आणि हाताने ग्रंथ लिहून देणाऱ्या लेखकांचा धंदा हळूहळू बसला. चपट्या टोकाची लेखणी मागे पडली, व तिच्या जागी अणकुचीदार टोकाची लेखणी आली. एकोणिसाव्या शतकात जुन्या पोथ्यांसारखी अक्षरे काढण्याची हौस पुष्कळांना झाली होती. परंतु ते लोक प्रथम अक्षराची बाह्यरेषा काढीत व मग आतील जागा रंगाने भरीत. दिसण्यास ते अक्षर जुन्यासारखे दिसे, पण त्यात प्राण नसे.

जॉन्स्टन ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन जुनी हस्तलिखिते पाहू लागले. विल्यम मॉरिस या प्रसिद्ध कारागीर-कवीचे पूर्वीचे चिटणीस सिडने कॉकरेल यांनीही त्यांना उत्तम हस्तलिखितांची वाट दाखविली. त्या पानांवरून दृष्टी फिरविता फिरविता जॉन्स्टन यांच्या मनात प्रश्न उभा राहिला. या अक्षरांत कोठे जाड व कोठे बारीक रेघ आहे, ती तशी का? लेखकाने ती मुद्दाम जाड केली काय? उत्तर त्यांना ग्रंथात सापडले नाही, ते लेखणी हाती घेतल्यावर सापडले. पिसाची किंवा वेताची लेखणी घेऊन तिचे टोक पटाशीसारखे चपटे कापावे, आणि लिहिताना तिचा कल न बदलता हात चालवावा. मग टोकाच्या रुंदीच्या दिशेने जाणारी रेघ आपोआप बारीक उमटते आणि तिला आडवी जाणारी रेघ आपोआप जाड उमटते. जाडी दाब देऊन आणावी लागत नाही, की रंग भरून वाढवावी लागत नाही. अक्षराचे रूप लेखणीच देते. लेखकाने तिचा धर्म ओळखावा आणि तिच्या आज्ञेत राहावे, एवढेच त्याचे काम.

ही गोष्ट आपल्या देशात अगदी परकी नाही. आपल्या वाडवडिलांनी बोरू चाकूने तासून, त्याचे टोक तिरपे कापून, मधोमध चीर देऊन ज्या पोथ्या लिहिल्या त्यांतही हेच तत्त्व आहे. रोमन लिपीत लेखणीचा कल एका बाजूस असतो, देवनागरीत तो उलट असतो, म्हणून जाड रेघेची दिशा बदलते. नियम मात्र एकच. ज्या विद्यार्थ्यास याची प्रचीती पाहावयाची असेल त्याने दोन पेन्सिली शेजारी शेजारी घट्ट बांधाव्या आणि हाताचा कल न बदलता एक वर्तुळ काढावे. दोन रेघांमधील अंतर कोठे रुंद व कोठे अरुंद होते हे पाहिल्यावर, जॉन्स्टन यांना काय सापडले ते त्यास पाच मिनिटांत समजेल.

म्युझियममधील हस्तलिखितांपैकी एकावर जॉन्स्टन यांचा विशेष जीव जडला. दहाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातच लिहिलेली ती लॅटिन स्तोत्रसंहिता होती. हार्ली संग्रहातील २९०४ या क्रमांकाची ही प्रत आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिची अक्षरे गोल, मोकळी व भक्कम असून वाचताना कोठे अडखळावे लागत नाही. या वळणाच्या आधाराने त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक पायाभूत लिपी सिद्ध केली. तिच्यात लेखणीचा कल सुमारे तीस अंशांचा राहतो व अक्षराच्या मुख्य भागाची उंची टोकाच्या रुंदीच्या सुमारे चौपट असते. हजार वर्षांपूर्वी ज्याचे नावही मागे राहिले नाही अशा कोण्या लेखकाने भक्तिभावाने केलेले काम, अशा रीतीने विसाव्या शतकातील शेकडो विद्यार्थ्यांचे गुरू झाले.

सेंट्रल स्कूलमधील त्या पहिल्या काही वर्षांच्या वर्गात नाना वयांची व नाना व्यवसायांची माणसे येत. शिल्पशास्त्रज्ञाकडे उमेदवारी करणारा एरिक गिल हा तरुण त्यांत होता. त्याने पुढे दगडावर अक्षरे कोरण्याच्या कामात नाव मिळविले. वकिली शिकलेले ग्रेली ह्युइट होते. पानांवर सोन्याचा वर्ख चढविण्याची विसरलेली विद्या त्यांनी पुन्हा हस्तगत केली व स्वतः अनेक वर्षे तो वर्ग चालविला. नोएल रूक हे चित्रकार होते. आणि साठीच्या घरात असलेले, पुस्तकबांधणीत ख्याती मिळविलेले कॉब्डेन-सँडरसन हेही सत्ताविशीतल्या शिक्षकापुढे विद्यार्थी म्हणून बसत. शिकण्यास वय नसते असे आपण नेहमी म्हणतो, त्याचे याहून चांगले उदाहरण शोधावयास नको. १९०१ पासून जॉन्स्टन रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्येही शिकवू लागले.

त्यांची शिकविण्याची पद्धत सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे कित्ता समोर ठेवून तो गिरविण्याची चाल फार जुनी आहे, व बाळबोध वर्गांत तिचा उपयोगही आहे. परंतु जॉन्स्टन कित्त्यापाशी थांबत नसत. आपले अक्षर शिष्यांनी हुबेहूब उतरवावे हे त्यांना रुचत नसे. फळ्यावर खडूने ते मोठमोठी अक्षरे सहज लिहून दाखवीत, आणि प्रत्येक रेघेचे कारण सांगत. ही रेघ येथून का सुरू झाली, हा जोड येथेच का आला, या दोन अक्षरांत अंतर इतकेच का, असे प्रश्न ते स्वतः विचारीत आणि विद्यार्थ्यांना विचारावयास लावीत. ज्यास कारण कळले तो नवे अक्षर स्वतः घडवू शकेल, ज्याने नुसते रूप उचलले तो गुरूच्या चुकाही उचलील, असा त्यांचा विचार होता. चांगल्या अक्षराच्या ठिकाणी सुवाच्यता, सौंदर्य व स्वतःचे असे वैशिष्ट्य हे तीन गुण असावेत असे ते मानीत, आणि त्यांतही सुवाच्यतेस पहिले स्थान देत. वाचणाऱ्यास त्रास देणारे अक्षर कितीही नटविले तरी त्यांच्या लेखी ते व्यर्थ होते.

१९०३ साली ग्रेटा ग्रेग या स्कॉटिश शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला व पुढे त्यांना तीन कन्या झाल्या. याच सुमारास त्यांच्या हातून एक काम झाले, त्याचा उल्लेख आम्हांस अगत्याने करावासा वाटतो. वर सांगितलेल्या कॉब्डेन-सँडरसन यांनी एमरी वॉकर यांच्यासह डव्ह्ज प्रेस नावाचा छापखाना काढला होता. तेथे १९०३ ते १९०५ या काळात पाच खंडांत इंग्रजी बायबल छापले गेले. त्यात चित्र नाही, वेलबुट्टी नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाच्या आरंभी मात्र जॉन्स्टन यांनी आखलेले पहिले अक्षर तांबड्या शाईत, मजकुराच्या वरच्या ओळीपासून खालपर्यंत, एकाच सरळ रेघेने उभे आहे. सृष्टीचा आरंभ सांगणाऱ्या शब्दांस याहून साधे व याहून भारदस्त तोरण बांधता आले नसते. छपाईच्या इतिहासात ते पान आजही नावाजले जाते.

१९०६ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखन, पृष्ठांची सजावट आणि अक्षररचना हे तिन्ही विषय त्यात आहेत. सुमारे पाचशे पानांच्या या ग्रंथात वेताची लेखणी कशी कापावी हेही सांगितले आहे. चाकू कसा धरावा, चीर कशी पाडावी, शाई कशी भरावी, मेज किती तिरपे असावे, चर्मपत्र कसे घोटून तयार करावे, हे सारे त्यांनी आकृत्यांसह समजावून दिले आहे. दगडावरील अक्षरांचे प्रकरण शिष्य गिल यांच्याकडून लिहवून घेतले, आणि चित्रे काढण्यास नोएल रूक यांचे साहाय्य घेतले. अॅना सायमन्स ही जर्मन विद्यार्थिनी, प्रशियातील कलाशाळांत त्या काळी स्त्रियांस प्रवेश नसल्यामुळे, शिकण्यासाठी लंडनला येऊन जॉन्स्टन यांची शिष्या झाली होती. तिने १९१० साली या ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले, आणि जर्मनीतील नव्या सुलेखनास मोठी चालना मिळाली. जिला स्वदेशात शाळेचे दार बंद होते, तीच स्वदेशास विद्या घेऊन परतली, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनी लक्षात ठेवावी.

१९१२ साली जॉन्स्टन ससेक्स प्रांतातील डिचलिंग या खेड्यात राहावयास गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. पुढच्या वर्षी लंडनच्या भूमिगत रेल्वेचे एक अधिकारी फ्रँक पिक यांनी त्यांस एक काम सुचविले. स्थानकांच्या भिंती जाहिरातींनी भरून गेल्या होत्या, आणि गाडीतून पाहणाऱ्या उतारूस स्थानकाचे नाव कोणते व साबणाचे नाव कोणते हे कळणे अवघड झाले होते. रेल्वेचे अक्षर दुरून, घाईत, एका दृष्टिक्षेपात ओळखू यावे, व ते दुसऱ्या कोणाचे वाटू नये, अशी पिक यांची मागणी होती. काम प्रत्यक्ष हाती घेऊन १९१६ साली, पहिले महायुद्ध चालू असता, जॉन्स्टन यांनी ती अक्षरे तयार करून दिली.

यातील नवल असे की, जाड-बारीक रेघेचे मर्म ज्यांनी शोधून काढले त्यांनीच ही अक्षरे सर्वत्र एकाच जाडीच्या रेघेची केली. परंतु यात विसंगती नाही. पाटीवरील अक्षर लेखणीने लिहावयाचे नव्हते, तेव्हा लेखणीची नक्कल त्यात आणणे त्यांस खोटेपणाचे वाटले असते. त्यांनी प्राचीन रोमन शिलालेखांतील मोठ्या अक्षरांचे प्रमाण घेतले, वरचा सारा साज उतरविला आणि मूळ सांगाडा ठेवला. 'ओ' हे अक्षर शुद्ध वर्तुळ झाले. मोठ्या अक्षराची उंची रेघेच्या जाडीच्या सातपट राहिली. लहान 'आय' या अक्षरावरील टिंबास मात्र त्यांनी टोकावर उभ्या केलेल्या चौकोनाचे रूप दिले, आणि चपट्या लेखणीची तेवढी एक खूण मागे राहिली. वर्तुळ व मधली आडवी पट्टी हे रेल्वेचे चिन्हही त्यांनीच प्रमाणबद्ध करून दिले.

थोर माणसाचे चरित्र सांगताना त्याचे उणे झाकावे, असे आम्हांस वाटत नाही. जॉन्स्टन कामाला अत्यंत सावकाश होते. एखाद्या गोष्टीचे सत्य पुरते हाती आल्यावाचून ते पुढे जात नसत, आणि त्यामुळे घेतलेली कामे वेळेवर होत नसत. गिऱ्हाइके वाट पाहून कंटाळत. घरात पैसा बेताचाच येई, आणि त्याची झळ पत्नीस व मुलींस लागल्यावाचून राहत नसे. दुसरा ग्रंथ लिहिण्याचे त्यांनी मनावर घेतले होते, त्याची टिपणे वर्षानुवर्षे चालली, पण तो त्यांच्या हयातीत पुरा झाला नाही. त्यांचे मागे राहिलेले लिखाण १९७१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी, ग्रंथरूपाने बाहेर आले. ज्याच्या अंगी सावकाशपणा आहे त्याने यावरून आळसाचे समर्थन करू नये. जॉन्स्टन थांबत ते विचार करीत थांबत, तरी दिलेला शब्द वेळेवर न पाळण्याची किंमत त्यांनाही द्यावी लागली.

मग अशा मनुष्याचे कार्य पुरे झाले असे म्हणता येईल काय? याचे उत्तर त्यांच्या कपाटात शोधून चालणार नाही, ते त्यांच्या वर्गात शोधले पाहिजे. त्यांच्या हातची पुरी झालेली हस्तलिखिते मोजकीच, पण त्यांनी उभे केलेले शिष्य पुष्कळ. १९२१ साली त्यांच्या परंपरेतील मंडळींनी लंडनात सुलेखकांची एक संस्था स्थापन केली, ती आजही चालू आहे. रॉयल कॉलेजमधील त्यांच्या उत्तरकालीन शिष्यांपैकी आयरीन वेलिंग्टन या बाईंनी पुढची पिढी शिकवून तयार केली. १९३९ साली सरकारने त्यांस सी. बी. ई. हा किताब दिला. पत्नी त्यांच्या आधीच निवर्तली होती. दुसरे महायुद्ध संपण्यापूर्वी, २६ नोव्हेंबर १९४४ रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी डिचलिंग येथे त्यांचे देहावसान झाले. कन्या प्रिसिला यांनी १९५९ साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. रेल्वेची अक्षरे १९७९ साली एइची कोनो या जपानी कारागिराने नव्या गरजांस अनुसरून सुधारून दिली, व शताब्दीच्या निमित्ताने २०१६ साली ती पुन्हा उजळण्यात आली. वळण मात्र जॉन्स्टन यांचेच राहिले.

विद्यार्थी मित्रहो, अक्षर सुधारा असे तुम्हांस घरी व शाळेत अनेकदा सांगण्यात येते, आणि ते तुम्हांस कंटाळवाणे वाटते हे आम्ही जाणून आहोत. या चरित्रावरून एवढे ध्यानात घ्या की, चांगले अक्षर ही निव्वळ गुण मिळविण्याची युक्ती नाही. आपण लिहिलेले दुसऱ्यास विनासायास वाचता यावे ही त्याच्याविषयीची आस्था आहे. हाती जे साधन असेल, मग तो बोरू असो, टाक असो वा आजकालची कोणतीही लेखणी असो, त्याचा स्वभाव ओळखा, आणि प्रत्येक वळणास 'का' असे विचारण्याची सवय लावून घ्या. पालकांस आमची विनंती अशी की, एखादा अभ्यासक्रम अर्धवट टाकावा लागला म्हणून मुलाची आशा सोडू नये. त्याच्या छंदाकडे एकवार निरखून पाहावे. आणि आम्हां शिक्षकांस जॉन्स्टन यांनी घालून दिलेला धडा असा की, शिष्याच्या हातात केवळ कित्ता ठेवून आमचे कर्तव्य संपत नाही. कित्त्यामागचे कारण ज्याने दिले त्याचेच शिकविणे शिष्याच्या हातून पुढे जाते.